नाचघरांतील बहुरूपी

महाराष्ट्रांत 'डीजे' हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक यंत्र उभें राहतें. मालमोटारीवर रचलेली कर्ण्यांची भिंत, मिरवणुकींतील कानठळ्या बसविणारा दणदणाट, आणि त्यावरून उत्सवाच्या दिवसांत पोलिस, न्यायालय व मंडळें यांच्यांत होणारे वाद, एवढाच ह्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे उरला आहे. वास्तविक डीजे हें यंत्राचें नांव नव्हे. तें माणसाचें नांव आहे. ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्या निवडून, त्या एकीमागून एक जोडून, जमलेल्या मंडळींना रात्रभर नाचविणाऱ्या कलावंतास इंग्रजींत 'डिस्क जॉकी' म्हणतात. त्या दोन शब्दांचीं हीं आद्याक्षरें. तो स्वतः गात नाहीं, बहुधा वाद्यहि वाजवीत नाहीं. दुसऱ्यांनीं गाऊन वाजवून ठेविलेल्या संगीताची तो माळ ओंवतो; आणि माळ ओंवणाऱ्याची परीक्षा जशी फुलांवरून होते, तशीच ती दोऱ्यावरूनहि होते.

ह्या कलावंतांच्या जगांत एक वाद पुष्कळ वर्षें चालत आला आहे. डीजेनें एकच संगीतप्रकार धरून त्यांत पारंगत व्हावें, कीं एकाच रात्रींत अनेक प्रकारांतून संचार करावा? एकमार्गी पक्ष म्हणतो, जो सर्व कांहीं वाजवितो त्याला एकहि गोष्ट धड येत नाहीं. तो प्रत्येक वाऱ्याबरोबर पाठ फिरविणारा. बहुमार्गी पक्ष म्हणतो, एकाच ठेक्यावर सहा तास नाचविणें म्हणजे पाहुण्यास सहा तास एकच पदार्थ वाढणें होय. नुसत्या आवडीनिवडीवर असा वाद कधींच मिटत नाहीं. परंतु इतिहासाची साक्ष काढली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. आज ज्यांना संगीताचे प्रकार समजून त्यांच्याभोंवतीं कुंपणें घातलीं जातात, त्यांपैकीं अनेकांचीं नांवें मुळांत प्रकारांचीं नव्हतींच. तीं जागांचीं नांवें होतीं. आणि त्या जागांत सर्व प्रकारचें संगीत वाजत असे.

ह्या इतिहासाचा आरंभ न्यूयॉर्क शहरांत होतो. १९६९-७० च्या सुमारास तेथील एका जुन्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचें नाचघर झालें होतें. त्याचें नांव 'सँक्च्युअरी'. तेथें फ्रान्सिस ग्रासो नांवाचा तरुण तबकड्या वाजवीत असे. तोंपर्यंतची सर्वसाधारण रीत अशी कीं, एक तबकडी संपावी आणि मग दुसरी लागावी. ग्रासो दोन यंत्रें शेजारीं शेजारीं ठेवी. एक तबकडी लोक ऐकत असतां दुसरी तो कानाशीं धरलेल्या श्रवणयंत्रांतून एकटाच ऐके. फिरत्या यंत्रावर ती दुसरी तबकडी बोटानें अडवून धरी आणि पहिलीच्या ठेक्याशीं मेळ बसतांच नेमक्या मात्रेवर सोडून देई. नाचणाऱ्याचें पाऊल न अडखळतां एका गाण्याचें दुसरें गाणें होई. पुढें जपानच्या मात्सुशिता कंपनीनें १९७२ सालीं 'टेक्निक्स एसएल-१२००' हें तबकडीयंत्र बाजारांत आणलें आणि १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तींत गति कमीअधिक करण्याची सरकती कळ बसविली. तेव्हां ही कला जगभर पसरण्यास सोपें झालें.

येथें मुख्य मुद्दा असा कीं, ग्रासोच्या वेळीं केवळ नाचघरासाठीं म्हणून तयार केलेलें संगीत जवळ जवळ नव्हतेंच. त्यामुळें त्याला जेथें मिळेल तेथून ठेका गोळा करावा लागे. 'लेड झेपेलिन' ह्या इंग्लिश रॉक मंडळीची तबकडी आणि 'शिकागो' ह्या अमेरिकन मंडळीची तबकडी तो एकमेकींवर चढवून वाजवी, त्याची आठवण पुढें अनेकांनीं नमूद करून ठेविली आहे. बहुमार्गीपणा ही त्या काळीं चैन नव्हती. ती गरज होती.

त्याच शहरांत, १४ फेब्रुवारी १९७० ह्या दिवशीं, डेव्हिड मॅन्कुसो नांवाच्या गृहस्थानें ब्रॉडवे रस्त्यावरील आपल्या राहत्या जागेंत एक नृत्यरात्र योजिली. ही जागा पुढें 'द लॉफ्ट' ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. मॅन्कुसो लहानपणीं अनाथाश्रमांत वाढलेला होता. त्याच्याकडे आमंत्रणावांचून प्रवेश नसे आणि दारू विकली जात नसे. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय होते, पोर्टोरिकोचे लोक होते, गोरे होते, आणि फार मोठ्या संख्येनें समलिंगी स्त्रीपुरुष होते. पुरुषानें पुरुषाबरोबर नाचणें हें त्या काळीं न्यूयॉर्कमध्येंहि पोलिसांचा ससेमिरा मागें लावून घेण्यासारखें होतें. ज्यांना बाहेर कोठेंच निर्धास्तपणें हातपाय मोकळे करतां येत नसत, त्यांना ही खोली म्हणजे घर वाटे.

अशा मिश्र मंडळींपुढें एकाच जातीचें संगीत ठेवणें शक्य नव्हतें. मॅन्कुसो संथ व शांत तबकड्यांनीं रात्र आरंभी, हळूहळू वेग चढवी आणि पहाटेस पुन्हा सर्वांना अलगद खालीं उतरवी. कामेरूनचा वादक मानू दिबांगो याची 'सोल मकोसा' ही १९७२ ची तबकडी त्यानें आपल्या मंडळींना ऐकविली. तेथून ती इतर नाचघरांत आणि न्यूयॉर्कच्या नभोवाणीवर गेली आणि १९७३ सालीं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादींत चढली. आफ्रिकेंतील एक वादक अमेरिकेच्या घराघरांत पोंचला, त्याच्या मुळाशीं एका माणसाची कुंपण न मानणारी निवड होती. पुढें तर मॅन्कुसोनें दोन तबकड्यांचें मिश्रण करणेंहि सोडून दिलें. प्रत्येक गाणें तो आरंभापासून शेवटपर्यंत वाजूं देई. जोडणी केवळ निवडीनें साधे. २०१६ सालीं तो वारला.

लॉफ्टच्या परंपरेंतून आलेल्या दोन मित्रांनीं पुढचा इतिहास घडविला. एक लॅरी लेव्हन, दुसरा फ्रँकी नकल्स. दोघेहि न्यूयॉर्कचे, दोघेहि कृष्णवर्णीय. लेव्हन न्यूयॉर्कच्या किंग रस्त्यावर 'पॅरडाइज गॅरेज' येथें १९७७ पासून १९८७ पर्यंत वाजवीत होता. ती इमारत पूर्वीं मोटारी ठेवण्याची होती, म्हणून 'गॅरेज'. लेव्हनच्या रात्रींत डिस्को असे, परंतु त्याबरोबर इंग्लंडच्या 'द क्लॅश' ह्या बंडखोर मंडळीच्या तबकड्या असत, जमैकाच्या रेगे संगीताचा घुमारा असे, जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क'चें यांत्रिक संगीत असे. १९८१ सालीं टाना गार्डनर ह्या गायिकेच्या 'हार्टबीट' ह्या गाण्याचें त्यानें केलेलें रूपांतर नेहमींच्या नाचाच्या गतीहून कितीतरी संथ होतें. तरीहि तें त्या नाचघराचें आवडतें गाणें झालें. लेव्हन १९९२ सालीं, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारला. त्याच्या नाचघरांतील कित्येक जण त्याच्याहि आधीं एड्सच्या सांथींत गेले होते. मागाहून 'गॅरेज' हें एका विशिष्ट प्रकारच्या संगीताचें नांव झालें. परंतु ज्या जागेवरून तें नांव पडलें, तेथें लेव्हन जें वाजवी त्यांतील अर्ध्याअधिक तबकड्यांना त्या नव्या प्रकारांत जागा मिळाली नसती.

नकल्सची कथा तर याहून बोलकी आहे. १९७७ सालीं शिकागो शहरांत 'द वेअरहाउस', म्हणजे वखार, नांवाचें नाचघर निघालें. तेथें येण्याविषयीं प्रथम लेव्हनला विचारलें होतें. तो न्यूयॉर्क सोडीना, म्हणून नकल्स गेला. तो डिस्को वाजवी, कृष्णवर्णीयांचें 'सोल' संगीत वाजवी, युरोपांतून आलेल्या यांत्रिक तबकड्या वाजवी, आणि जुन्या गाण्यांच्या फिती कापून जोडून त्यांचीं नवीं लांबलचक रूपें करी. शिकागोंतील तबकड्यांच्या दुकानांत गिऱ्हाइकें येऊन विचारीत, 'वेअरहाउसमध्यें वाजतें तें आहे का?' दुकानदारानें त्या तबकड्यांवर तशी चिठ्ठी लावली, आणि बोलतां बोलतां 'वेअरहाउस'चें 'हाउस' झालें, अशी बहुतेकांनीं मानलेली हकीकत आहे. म्हणजे 'हाउस' ही आरंभीं संगीताची जात नव्हती. एका जागीं एक माणूस जें जें वाजवितो त्याची ती यादी होती.

ह्याच शिकागो शहरांत ह्या सर्व प्रकरणाची काळी बाजू उघडी पडली. १२ जुलै १९७९ रोजीं तेथील कोमिस्की पार्क ह्या क्रीडांगणावर बेसबॉलचे दोन सामने व्हावयाचे होते. स्टीव्ह डाल हा रॉक संगीताच्या नभोवाणी केंद्रावरील निवेदक डिस्को संगीताची टिंगल करून लोकप्रिय झाला होता. त्याच्या प्रेरणेनें असें जाहीर झालें कीं, जो कोणी डिस्कोची एक तबकडी घेऊन येईल त्यास अठ्ठ्याण्णव सेंटमध्यें प्रवेश मिळेल. सुमारें पन्नास हजार लोक जमले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत गोळा केलेल्या तबकड्या मैदानाच्या मध्यभागीं सुरुंगाच्या दारूनें उडवून देण्यांत आल्या. हजारों प्रेक्षक मैदानांत घुसले, हिरवळ उखडली गेली, आणि दुसरा सामना खेळविणें अशक्य झाल्यामुळें यजमान संघावर हार लादण्यांत आली. त्या दिवशीं प्रेक्षकांना जागा दाखविण्याच्या कामावर व्हिन्स लॉरेन्स नांवाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. लोकांनीं आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशीं कांहींच संबंध नसलेल्या, केवळ कृष्णवर्णीयांनीं गाइलेल्या कितीतरी तबकड्या त्यानें पाहिल्या, असें त्यानें पुढें अनेकवार सांगितलें आहे.

संगीतप्रकारांमधील भिंत ही पुष्कळदा माणसांमधील भिंत असते, ह्याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा क्वचित् मिळेल. डाल यानें आपल्या मनांत वंशद्वेष नव्हता, केवळ संगीताचा कंटाळा होता, असें सांगितलें आहे. परंतु एका माणसाच्या मनांत काय होतें हा प्रश्न निराळा, आणि पन्नास हजारांच्या जमावानें जाळण्यासाठीं काय निवडून आणलें हा प्रश्न निराळा. त्या घटनेनंतर मोठ्या कंपन्यांनीं डिस्कोपासून अंग काढून घेतलें. नकल्सच्या वखारींत मात्र नाच थांबला नाहीं. कंपन्यांकडून नव्या तबकड्या कमी येऊं लागल्या, तेव्हां शिकागोच्या तरुणांनीं स्वस्तांत मिळणाऱ्या विद्युत्-वाद्यांवर स्वतःच्या तबकड्या केल्या. व्हिन्स लॉरेन्स हाच मुलगा १९८४ सालीं जेसी साँडर्स याच्याबरोबर 'ऑन अँड ऑन' ह्या तबकडीचा सहनिर्माता झाला. हाउस संगीताच्या अगदीं पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते.

शिकागोहून पूर्वेस मोटारींच्या कारखान्यांचें डेट्रॉइट शहर आहे. तेथें हें काम नाचघरापेक्षां नभोवाणीनें अधिक केलें. चार्ल्स जॉन्सन नांवाचा निवेदक 'द इलेक्ट्रिफाइंग मोजो' हें टोपणनांव घेऊन १९७७ पासून रात्रींचा कार्यक्रम करूं लागला. तो आपला चेहरा लोकांना दाखवीत नसे. त्याचा आवाज मात्र साऱ्या शहराच्या ओळखीचा होता. अमेरिकेंतील नभोवाणी केंद्रें त्या वेळीं कृष्णवर्णीयांचीं आणि गोऱ्यांचीं अशीं जवळ जवळ वांटलेलीं होतीं. मोजोनें ती वांटणी मानली नाहीं. जर्मनांच्या क्राफ्टवेर्कनंतर जॉर्ज क्लिंटनच्या मंडळीचें 'फंक', त्यानंतर प्रिन्स, त्यानंतर गोऱ्यांचें नवें रॉक, मध्येंच एखादी अभिजात पाश्चात्य रचना, असा त्याचा क्रम असे. मध्यरात्रीं तो श्रोत्यांना घरापुढचे दिवे उघडझांप करण्यास सांगे, मोटारींतल्या श्रोत्यांना भोंगे वाजविण्यास सांगे. कारखाने बंद पडत चाललेल्या त्या शहरांत आपण एकटे नाहीं, एवढें कळण्यासाठीं ती खूण पुरेशी असे.

त्याच्या श्रोत्यांत बेलव्हिल गांवच्या शाळेंत शिकणारीं तीन मुलें होतीं: हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन. ह्या तिघांनीं जर्मन यंत्रसंगीत आणि कृष्णवर्णीयांचें फंक यांच्या मीलनांतून जें निर्माण केलें, त्यास आज जग 'टेक्नो' म्हणतें. हें नांव मात्र जागेचें नाहीं. १९८८ सालीं इंग्लंडमध्यें डेट्रॉइटच्या संगीताचा एक संग्रह निघावयाचा होता आणि त्याला 'हाउस' ह्याच नांवाखालीं घालण्याचें चाललें होतें. परंतु अॅटकिन्स आपल्या संगीतास टेक्नो म्हणत असे आणि तोच शब्द संग्रहाच्या शीर्षकांत आला.

ही गोष्ट बहुमार्गी पक्षानें विसरूं नये. नांव हें नेहमींच तुरुंग नसतें. केव्हां केव्हां तें सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखें असतें. डेट्रॉइटच्या तरुणांना शिकागोच्या नांवाखालीं झांकून जावयाचें नव्हतें. आपलें काम आपल्या नांवावर लागावें ही त्यांची मागणी न्याय्य होती. करणाऱ्यानें स्वाभिमानासाठीं घेतलेलें नांव आणि विकणाऱ्यानें सोयीसाठीं किंवा नावडतीं माणसें बाहेर ठेवण्यासाठीं लावलेलें नांव, ह्या दोहोंतील फरक ओळखला पाहिजे.

अटलांटिक महासागरापलीकडे हीच कथा निराळ्या वेषांत घडली. अर्जेंटिनांत १९७६ सालीं लष्करी सत्ता आली, तेव्हां आल्फ्रेडो फिओरितो नांवाचा तरुण देश सोडून स्पेनच्या इबिझा बेटावर आला. १९८४ पासून तो तेथील 'अॅम्नीशिया' ह्या उघड्या आकाशाखालच्या नाचघरांत वाजवूं लागला. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या वयांचे लोक तेथें येत. शिकागोची नवी हाउस तबकडी, स्पॅनिश गीतें, रेगे, इंग्रजी लोकप्रिय गाणीं, हें सर्व तो एकाच रात्रींत वाजवी आणि पहांट उजाडेपर्यंत मंडळींना हलूं देत नसे. १९८७ च्या उन्हाळ्यांत पॉल ओकेनफोल्ड, डॅनी रॅम्पलिंग, निकी हॉलोवे आणि जॉनी वॉकर हे लंडनचे चार डीजे तेथें गेले आणि भारावून परतले. रॅम्पलिंगनें त्याच वर्षाअखेर लंडनमधील एका व्यायामशाळेंत 'शूम' नांवाच्या नृत्यरात्री सुरू केल्या. आल्फ्रेडोच्या मिश्रणास इंग्लंडांत 'बॅलिएरिक' असें नांव पडलें. इबिझा ज्या बेटांपैकीं एक आहे त्या द्वीपसमूहाचें हें नांव. पुन्हा तोच प्रकार: 'सर्व कांहीं' याचाच एक 'प्रकार' झाला.

१९९० नंतर मात्र भिंती झपाट्यानें उठल्या. तबकड्यांचीं दुकानें, मासिकें आणि नाचघरांचे चालक यांना कप्पे हवे होते. संगीताची गतिहि दूर दूर गेली. हाउस मिनिटास साधारण १२० ते १३० ठोक्यांचें, टेक्नो व ट्रान्स त्याहून कांहींसें जलद, तर लंडनच्या वस्त्यांत जन्मलेलें 'जंगल' आणि त्यांतून निघालेलें 'ड्रम अँड बेस' १६० ते १८० ठोक्यांचें. १२५ वरून एकदम १७० वर जाणें म्हणजे चालणाऱ्यास अकस्मात् धांवावयास लावणें. त्यामुळें प्रत्येकानें आपापला कप्पा धरला. १९९४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें फौजदारी कायद्यांत अशा मेळाव्यांवर निर्बंध घातले, तेव्हां कायदेपंडितांना ह्या संगीताची व्याख्या करावी लागली. त्यांनीं पुनःपुन्हा येणाऱ्या ठोक्यांवरून ती केली. दुकानदारांना जेथें पन्नास प्रकार दिसत होते, तेथें कायद्याला एकच दिसला.

आपल्या गोव्याचेंहि नांव ह्या यादींत आहे. १९७० च्या आसपास हणजूणच्या किनाऱ्यावर पाश्चात्य हिप्पी येऊं लागले. रॉक आणि रेगे हें त्यांचें संगीत. पुढील दशकांत लोराँ नांवाचा फ्रेंच डीजे आणि त्याचे सोबती युरोप-अमेरिकेंतील विद्युत्-संगीताच्या कॅसेट आणूं लागले. अनेक गाण्यांतील शब्दांचा भाग ते कापून टाकीत आणि उरलेलें वाद्यसंगीत जोडून रात्रभर वाजवीत. कॅलिफोर्नियाचा गिल्बर्ट लेव्ही ऊर्फ गोवा गिल हा ह्या रात्रींचा सर्वांत प्रसिद्ध सूत्रधार. तो २०२३ सालीं वारला. किनाऱ्यावरील उष्म्यानें व धुळीनें तबकड्या टिकत नसत, म्हणून सारा कारभार फितींवर चाले. हें सर्व आरंभीं वेंचून आणलेलें संगीत होतें. १९९० नंतर त्या रात्रींसाठीं खास संगीत तयार होऊं लागलें आणि त्याला 'गोवा ट्रान्स' म्हणूं लागले. डिसेंबर १९९४ मध्यें ओकेनफोल्डनें बी. बी. सी. च्या नभोवाणीवर दोन तासांचा 'गोवा मिक्स' सादर केला, तेव्हां हें नांव इंग्लंडभर झालें. ज्या किनाऱ्यावर सर्व देशांच्या कॅसेट एकत्र येत, त्याचें नांव एका ठराविक ठेक्याला कायमचें चिकटलें.

कप्पा नसला तर काय होतें, याचें उदाहरण मुंबईंत सांपडतें. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. त्यांत त्यांनीं जपानच्या रोलंड कंपनीचीं जीं वाद्यें वापरलीं, त्यांपैकींच एका वाद्यावर पांच वर्षांनीं शिकागोंत 'अॅसिड हाउस' उभें राहिलें. सिंग यांची तबकडी शास्त्रीय संगीताच्या कप्प्यांत बसेना, चित्रपटसंगीताच्याहि बसेना. ती विस्मृतींत गेली. एका डच संग्राहकानें ती पुन्हा उजेडांत आणून २०१० सालीं प्रसिद्ध केली, आणि जगभरच्या डीजेंनीं ती डोक्यावर घेतली. सिंग २०१५ सालीं वारले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांना युरोपच्या रंगमंचांवर तें संगीत वाजवितां आलें.

भिंतींच्या ह्या काळांतहि त्या न मानणारे कलावंत होतेच. लंडनचा अँड्रयू वेदरॉल हा शूमच्या दिवसांपासूनचा डीजे. त्यानें 'प्रायमल स्क्रीम' ह्या रॉक मंडळीच्या १९९१ च्या 'स्क्रीमाडेलिका' ह्या संग्रहास नृत्यसंगीताचें रूप देण्यांत मोठा वांटा उचलला. पुढें तो टेक्नोकडे गेला, तेथून रेगेच्या घुमाऱ्याकडे, तेथून पन्नास सालच्या जुन्या रॉककडे. एका मार्गावर कीर्ति मिळूं लागली कीं तो दुसरा मार्ग धरी. परंतु हा मनुष्य स्वैर नव्हता. २०१० मध्यें सुरू केलेल्या आपल्या एका नृत्यरात्रीस त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें नियम घालून घेतला होता कीं, मिनिटास १२२ ठोक्यांच्या वर जावयाचें नाहीं. प्रकाराचें बंधन सोडलें, पण गतीचें स्वखुषीनें पत्करलें. २०२० सालीं तो वारला.

डेट्रॉइटचा जेफ मिल्स हा दुसरा. 'द विझर्ड', म्हणजे जादूगार, ह्या नांवानें तो १९८० च्या दशकांत नभोवाणीवर हिपहॉपपासून युरोपीय यंत्रसंगीतापर्यंत सर्व तबकड्या इतक्या वेगानें पालटी कीं ऐकणाऱ्याचा श्वास पुरत नसे. पुढें तीन-तीन तबकडीयंत्रें एकदम चालविणारा टेक्नोचा उत्कृष्ट वादक म्हणून त्याची ख्याति झाली. २००५ सालीं त्यानें फ्रान्समध्यें माँपेलिए शहराच्या वाद्यवृंदाबरोबर आपल्या रचना सादर केल्या, आणि २०१८ सालीं नायजेरियाचे थोर तालवादक टोनी अॅलन यांच्यासमवेत ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलें. बेल्जमच्या डेवाले बंधूंनीं २००२ सालीं रॉक, डिस्को व टेक्नो यांची खिचडी असलेला एक संग्रह काढला. त्यासाठीं त्यांनीं १८७ ध्वनिमुद्रणांची परवानगी मागितली. ११४ मिळाल्या, ६२ नाकारल्या गेल्या, आणि ११ प्रकरणांत मालकच सांपडेना. भिंती केवळ रुचीच्या नसतात, मालकीच्याहि असतात, हें त्या आंकड्यांवरून समजतें.

ही कला साधते कशी? पहिलें साधन गणिताचें आहे. ८५ ठोक्यांचें संथ गाणें आणि १७० ठोक्यांचें जलद गाणें हीं एकमेकांचीं दुप्पट-निमपट आहेत. आपल्या तबल्यावरील दुगुणीप्रमाणें एकांतून दुसऱ्यांत पाय न चुकतां जातां येतें. दुसरें साधन स्वराचें: दोन्ही तबकड्यांचे स्वर परस्परांशीं जुळले तर प्रकार पालटल्याचें कानाला खटकत नाहीं. तिसरें साधन काळाचें. एका तासांत दहा प्रकार वाजविणें म्हणजे पुस्तकाचीं पानें भराभर उलटणें. आठ तास मिळाले तर तेंच काम प्रवासासारखें होतें. म्हणूनच ह्या मार्गाचे जाणते वादक, उदाहरणार्थ फ्रान्सचा लोराँ गार्निए, दीर्घ रात्रींचा आग्रह धरतात. आणि सर्वांत अवघड साधन म्हणजे समोरच्या माणसांकडे पाहणें. कोण थकला आहे, कोण अजून भिंतीशींच उभा आहे, कोणाला आतां ओळखीचें गाणें हवें आहे, हें ज्याला दिसतें त्यालाच मार्ग पालटण्याचा अधिकार पोंचतो.

२००१ सालीं पायोनियर कंपनीनें तबकडीप्रमाणें हातानें फिरवितां येणारें सीडीयंत्र काढलें, आणि त्यानंतर संगणकानें ठेका जुळविण्याचें कामहि आपल्याकडे घेतलें. ग्रासोनें कानानें व बोटांनीं साधलेली गोष्ट आज एक कळ दाबून होते. त्यामुळें प्रकार पालटणें इतकें सोपें झालें आहे कीं, तें कौशल्याचें लक्षण राहिलें नाहीं. हजारों गाणीं खिशांत घेऊन फिरणारा कोणीहि आज अनेकमार्गी म्हणवूं शकतो. एकमार्गी पक्षाची तक्रार येथें खरी ठरते. बहुरूपी दहा सोंगें आणतो तेव्हां प्रत्येक सोंगाची भाषा आणि चाल त्याला अवगत असावी लागते. नुसते दहा मुखवटे विकत घेतल्यानें कोणी बहुरूपी होत नाहीं.

मराठी रसिकांना हा वाद नवीन वाटूं नये. आपल्याकडे गाण्यांत घराण्याचा अभिमान मोठा. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांनीं मात्र ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही परंपरांच्या उस्तादांपाशीं शिक्षण घेतलें, मैफलींत ख्याल गाइला आणि 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चालीहि दिल्या. त्यांना कोणी चंचल म्हटलें नाहीं, कारण प्रत्येक दारांत त्यांनीं आधीं शिष्य म्हणून पाऊल टाकलें होतें. अनेक मार्गांनीं जाणाऱ्या डीजेलाहि हाच कस लागू आहे. ज्या गाण्याला तो हात घालतो तें कोणी केलें, कोठल्या वस्तींत केलें, कोणत्या अडचणींतून केलें, हें त्यास ठाऊक असावें. आणि मग त्यानें तें खुशाल दुसऱ्या वस्तींतील गाण्याशेजारीं बसवावें.

फ्रँकी नकल्स २०१४ सालीं वारला. त्याच्या हयातींतच, २००४ सालीं, शिकागो शहरानें एका रस्त्याच्या भागास त्याचें नांव दिलें होतें. जून २०२३ मध्यें साउथ जेफरसन रस्त्यावरील त्या जुन्या वखारीस शहरानें संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. ज्या शहराच्या मैदानांत तबकड्या सुरुंगानें उडविल्या गेल्या, त्याच शहरानें हा मान दिला, ही समाधानाची गोष्ट होय. हाउस संगीताचें जन्मस्थान म्हणून ती इमारत आतां जपली जाईल. तेथें पाहावयास जाणाऱ्यानें मनांत एवढेंच धरावें कीं, त्या चार भिंतींच्या आंत 'हाउस' नांवाचा वेगळा प्रकार प्रथम नव्हताच. तेथें अनेक प्रकारचें संगीत होतें, आणि बाहेर ज्यांना कोणी जवळ उभें करीत नसे अशीं अनेक प्रकारचीं माणसें होतीं.